एअरबीएनबी वापरताना भरवसा नेमका कशावर ठेवायचा?

गुहागरला, अलिबागला किंवा गोव्यात आसगावला चार दिवसांसाठी कोणाचं तरी घर घ्यायचं म्हटलं की सध्या तीन वाटा असतात. ओळखीतून मिळालेला फोन नंबर, इन्स्टाग्रामवर दिसलेला व्हिला, नाहीतर एअरबीएनबीसारखं ॲप. हे परीक्षण तिसऱ्या वाटेचं आहे आणि त्यातही एकाच बाजूचं: अनोळखी माणसाने अनोळखी माणसाच्या घरी राहावं, एवढा भरवसा ही सेवा तयार करते का? मत आधीच सांगून टाकतो. पाहुण्याच्या पैशांची राखण ती चांगली करते. यजमानाच्या घराची राखण ठीकठाक करते, पण त्यासाठी यजमानाला कारकुनी करायला लावते. घराबद्दल खरं काय ते सांगण्याच्या बाबतीत मात्र ती दिसते तितकी भरवशाची नाही, आणि त्यात थोडा दोष आपल्या भिडस्तपणाचाही आहे.

या सेवेची खरी करामत ‘व्हेरिफाइड’च्या खुणेत नाही. ओळखपत्र तपासलं म्हणजे माणूस खरा आहे एवढंच कळतं. तो रात्री दोनला स्पीकर लावेल का, हे कळत नाही. करामत आहे ती कोणती गोष्ट कोणाच्या हाती कधी पडते याच्या क्रमात. बुकिंग पक्कं होईपर्यंत नकाशावर नुसतं एक वर्तुळ दिसतं. नेमका पत्ता आणि फोन नंबर नंतर मिळतो. आधीच्या चॅटमध्ये कोणी नंबर टाकला तर ॲप तो झाकतं. पाहुण्याचे पैसे साधारणपणे मुक्कामाआधीच कापले जातात, पण यजमानाकडे ते साधारणपणे चेक-इनच्या ठरलेल्या वेळेनंतर २४ तासांनी रवाना होतात. आणि एकमेकांबद्दलचे अभिप्राय दोघांचेही लिहून होईपर्यंत, किंवा १४ दिवस उलटेपर्यंत, बंद राहतात. पत्ता, पैसे आणि अभिप्राय या तिन्ही गोष्टी मधल्या माणसाने धरून ठेवायच्या आणि एकेक सोडायच्या, असा हा मामला आहे.

म्हणूनच ‘ॲपवरून नको, डायरेक्ट करा, दहा टक्के कमी करतो’ हा निरोप आला की काय सोडतो आहोत ते नीट पाहावं. सुटतात ते हे तिन्ही धागे. पैसे पहिल्या दिवशीच समोरच्याच्या खात्यात जातात, यजमानाने ऐनवेळी रद्द केलं तर पर्यायी घर शोधून देणारं कोणी उरत नाही आणि वाईट अनुभव आला तरी तो लिहायला जागा नसते. गोव्यातल्या बनावट व्हिलांच्या फसवणुकीत हीच पद्धत पुन्हा पुन्हा दिसते: फोटो खऱ्या घराचे, भाव थोडा कमी, ‘आज ॲडव्हान्स टाकला तरच डेट ब्लॉक करतो’ अशी घाई, आणि यूपीआयवर मागितलेली निम्मी रक्कम. काही जण एअरबीएनबीच्या पानासारखं दिसणारं बनावट पान व्हॉट्सॲपवर पाठवतात. अशी लिंक कधीच उघडू नये. ॲप स्वतः उघडायचं आणि ‘ट्रिप्स’मध्ये बुकिंग दिसतं का ते पाहायचं. तिथे नसेल तर ते बुकिंगच नाही.

पहिला दिवस वाया घालवू नका

पाहुण्यासाठी सगळ्यात मोलाचे तास म्हणजे पोहोचल्यानंतरचे पहिले काही. एअरकव्हर नावाची पाहुण्यांसाठीची हमी मे २०२२ पासून प्रत्येक बुकिंगला आपोआप लागू असते, वेगळे पैसे पडत नाहीत. घर सांगितल्यासारखं नसेल, आत जाताच आलं नाही, सांगितलेल्या खोल्या किंवा स्विमिंग पूल नसेल, तर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं. मुदत ७२ तासांची असली तरी तेवढं थांबू नये. दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी ‘एसी पहिल्यापासून बंद होता’ म्हणणाऱ्याला झोपलेल्या रात्रींचे पैसे परत मिळणं कठीण जातं.

बॅगा उघडण्याआधी वीस मिनिटं द्यावीत. प्रत्येक नळ सोडून पाहायचा, फ्लश ओढायचा, गीझर लावून पाणी तापतं का बघायचं. प्रत्येक खोलीतला एसी दहा मिनिटं चालवायचा. आतून लागणाऱ्या कड्या तपासायच्या, खाटा मोजायच्या. ‘आठ जण झोपू शकतात’ याचा अर्थ अनेकदा चार जण पलंगावर आणि चार जण जमिनीवर टाकलेल्या गाद्यांवर असा निघतो. काही बिघडलेलं दिसलं तर एक लांबून आणि एक जवळून असे दोन फोटो काढावेत आणि जाहिरातीतला त्याच कोपऱ्याचा फोटो शेजारी ठेवून स्क्रीनशॉट घ्यावा. मग आधी यजमानाला कळवायचं, पण ॲपमधल्या चॅटवरच. फोनवर बोलणं झालं तर लगेच चॅटमध्ये एक ओळ टाकायची: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे संध्याकाळी सहापर्यंत प्लंबर येणार.’ कंपनीचा मदतनीस व्हॉट्सॲपवरचं काही पाहायला बांधील नसतो. तक्रारी फसतात त्या बहुतेक इथेच.

काही प्रश्न मात्र बुकिंगच्या आधीच विचारायचे. कोकणात पहिला प्रश्न विजेचा. ‘पॉवर बॅकअप आहे’ असं लिहिलेलं असतं, पण बहुतेक घरांत तो दिवे-पंख्यांपुरता इन्व्हर्टर असतो. एसी आणि गीझर त्यावर चालत नाहीत. म्हणून थेट विचारावं: वीज गेल्यावर एसी चालतो का, आणि किती तास? दुसरा प्रश्न रस्त्याचा: गाडी दारापर्यंत येते का, की वरच्या रस्त्यावर लावून पायऱ्या उतरायच्या? आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्यांची संख्याच विचारावी. शेजारी बांधकाम सुरू आहे का, पूल फक्त आपल्याला की शेजारच्या तीन बंगल्यांनाही, घरी चहा-जेवण करून देणारं कोणी आहे का, हेही लेखी घ्यावं. हीच उत्तरं पुढे पुरावा होतात.

रद्द करण्याबाबत एक डाव ओळखून ठेवा. मोठ्या ग्रुपचं जास्त भाड्याचं बुकिंग आलं की काही यजमान फोन करून सांगतात, ‘मोटर जळाली आहे, तुम्हीच कॅन्सल करा, पूर्ण पैसे येतील.’ करू नका. पाहुण्याने रद्द केलं की त्या घराच्या रद्दीकरणाच्या अटी लागू होतात आणि पैसे कापले जाऊ शकतात. यजमानाने रद्द केलं तर पाहुण्याला पूर्ण परतावा मिळतो, यजमानाला दंड बसू शकतो आणि त्या तारखा त्याच्या कॅलेंडरवर अडकतात. म्हणूनच तो तुमच्याकडून रद्द करवून घेऊ पाहतो. नम्रपणे एवढंच लिहायचं: आमचा येण्याचा विचार पक्का आहे, तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या बाजूने रद्द करा.

पाच तारे आणि खाल्ल्या मिठाचा प्रश्न

२०१४ पर्यंत एकाचा अभिप्राय दुसऱ्याला आधी वाचता यायचा. साहजिकच ‘तू वाईट लिहिलंस तर मीही लिहीन’ ही भीती दोघांना असायची. त्या वर्षी दोन्ही अभिप्राय एकाच वेळी उघडण्याची पद्धत आली. कंपनीच्याच माहितीवर झालेल्या प्रयोगातून दिसलं की त्यामुळे लिहिणारे वाढले आणि गुण किंचित उतरले. किंचितच. २०१५ च्या एका अभ्यासात, ज्या घरांना सरासरी तारे दिसत होते त्यांपैकी जवळजवळ ९५ टक्के घरं साडेचार किंवा पाच ताऱ्यांची निघाली होती. सगळाच वर्ग पहिला आला तर गुणपत्रिका पाहून काय कळणार?

याचं एक कारण गणितात आहे. ‘सुपरहोस्ट’ हा चांगल्या यजमानाचा बिल्ला मिळवायला वर्षभरात किमान १० मुक्काम, ९० टक्के संदेशांना वेळेत उत्तर, एक टक्क्याहून कमी रद्दीकरण आणि सरासरी ४.८ तारे लागतात. दर तिमाहीला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, मागच्या वर्षाचा हिशेब होतो. आता ४.८ म्हणजे काय? दर पाच जणांत चौघांचे पाच आणि एकाचे चार. दहातल्या तिघांनी चार दिले की सरासरी ४.७ वर येते आणि बिल्ला गेला. पाहुण्याच्या मनात चार म्हणजे ‘छान’, यजमानाच्या हिशेबात चार म्हणजे दंड. त्यामुळे निघताना ‘फाइव्ह स्टार द्या हं’ ही आर्जवं चालतात. बिल्ल्यावरून एवढं नक्की कळतं की हा माणूस उत्तर देतो आणि ऐनवेळी हात वर करत नाही. गादी कशी आहे ते कळत नाही.

दुसरं कारण अगदी इथलं. काकूंनी सकाळी गरमागरम आंबोळ्या वाढल्या, निघताना कोकमाची बाटली हातात ठेवली, मग चादरीला वास येत होता हे लिहायचं कसं? खाल्ल्या मिठाला जागणं हा गुण आहेच, पण त्याने पुढच्या पाहुण्याचं नुकसान होतं. त्यामुळे मराठी किंवा एकूण भारतीय अभिप्राय वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते पाहावं. ‘होस्ट अत्यंत सहकार्य करणारे, जेवण घरच्यासारखं, लोकेशन सुंदर’ असे पंधरा अभिप्राय आणि एकातही न्हाणीघराचा शब्द नाही, तर न्हाणीघराची चौकशी करा. अभिप्रायांची मांडणी ‘सर्वात कमी गुण’ या क्रमाने लावता येते. सुरुवात तिथून करावी. जुन्या तक्रारीपेक्षा मागच्या पावसाळ्यातली तक्रार महत्त्वाची, कारण ओल, मुंगळे आणि गळती जूनशिवाय दिसत नाहीत. आणि यजमानाचं उत्तर जरूर वाचा. ‘गीझर बदलला आहे’ असं लिहिणारा यजमान ‘या पाहुण्यांना काहीच पटत नव्हतं’ लिहिणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

लिहिणाऱ्यासाठी सोय अशी आहे की स्वच्छता, माहितीचा खरेपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण आणि पैशाचं मोल यांना वेगवेगळे तारे देता येतात, शिवाय फक्त यजमानालाच दिसेल असा खासगी निरोपही लिहिता येतो. भीड असेल तर आंबोळ्यांचं कौतुक मोकळ्या मजकुरात करा आणि स्वच्छतेच्या रकान्यात खरे तारे द्या. उशी जुनी आहे, पंखा करकरतो, असं बारीकसारीक खासगी निरोपात लिहावं. सुरक्षेचा प्रश्न मात्र, म्हणजे उघडी वायर, न लागणारी कडी, कठडा नसलेली गच्ची, जाहीरच लिहायला हवा.

यजमानाची बाजू: भरपाई मिळते, पण कागद लागतात

नुकसानभरपाईचा इतिहास एका वाईट घटनेतून सुरू होतो. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका यजमान बाईचं घर पाहुण्यांनी लुटून उद्ध्वस्त केलं. बोभाटा झाल्यावर कंपनीने ५० हजार डॉलरची हमी जाहीर केली, पुढच्या वर्षी ती १० लाखांवर नेली, आणि २०२२ मध्ये यजमानांच्या एअरकव्हरची नुकसान-मर्यादा ३० लाख डॉलर झाली. तिऱ्हाइताला इजा झाल्यास १० लाखांपर्यंतचं दायित्वाचं संरक्षण वेगळं. आकडे पाहून हुरळून जायचं कारण नाही. नुकसानीची हमी हा विमा नाही, असं कंपनीच्याच अटींत लिहिलेलं आहे, म्हणून घराचा स्वतःचा विमा हवाच. रोकड यात येत नाही आणि रोजच्या वापराची झीजही येत नाही. आपल्याकडचे दावे तर हळदीचे डाग पडलेल्या चादरी, करपलेला नॉनस्टिक तवा, फुटलेलं मिक्सरचं भांडं, हरवलेली किल्ली असलेच असतात, आणि ‘झीज’ की ‘नुकसान’ हा वाद अशाच वस्तूंवर होतो.

पद्धत अशी. पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांत रिझोल्यूशन सेंटरमधून, म्हणजे पैशांचे वाद मिटवण्याच्या ॲपमधल्याच विभागातून, त्याच्याकडेच पैशांची मागणी करायची. त्याला २४ तास मिळतात. त्याने नाकारलं किंवा उत्तर दिलं नाही तर कंपनीला मध्ये घ्यायचं. सोबत लागतात: आधीचे फोटो, नंतरचे फोटो, वस्तूचं बिल किंवा दुरुस्तीचं अंदाजपत्रक. दावा फेटाळला जातो तो बहुतेक ‘आधीचे’ फोटो नसल्यामुळे. म्हणून प्रत्येक मुक्कामाआधी, साफसफाई झाल्यावर, केअरटेकरकडून दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवण्याची शिस्त लावावी: दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीत चारही भिंती, गादीची खोळ बाजूला करून गादी, स्वयंपाकघरातली भांडी, टीव्ही चालू करून. पुढचा पाहुणा त्याच दुपारी येणार असेल तर दोन मुक्कामांमध्ये चार तास ठेवाच. नाहीतर डाग कोणाचा हे ठरवता येत नाही. मिक्सर, तवा यांची बिलं एका फोल्डरमध्ये ठेवावीत. गावच्या दुकानदाराकडून कच्च्या कागदावर आणलेलं अंदाजपत्रक चालेल की नाही याचा नेम नसतो, म्हणून छापील बिलच मागा.

दारात रोख डिपॉझिट घ्यायची सवय अनेकांना आहे. ॲपच्या बाहेर असे पैसे घेणं नियमात बसत नाही, आणि त्यातून भांडणंच होतात. हजार-पाचशेची चादर असेल तर ती धंद्याचा खर्च समजून सोडून द्यावी. दावा करावा तो मोठ्या नुकसानीचाच. बारीकसारीक दाव्यांत वेळ जातो आणि अभिप्रायात कडवटपणा येतो.

पार्ट्यांच्या बाबतीत कंपनी कडक झाली तीही एका भयंकर रात्रीनंतर. २०१९ च्या हॅलोविनला कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा इथे भाड्याच्या घरातल्या पार्टीत गोळीबार होऊन पाच जण मेले. २०२० मध्ये जगभर पार्टीबंदी आली आणि २०२२ मध्ये ती कायम झाली. पण लोणावळ्यातल्या बंगल्यात बारा जणांच्या बुकिंगवर तीस जण आले तर ते थांबवायला शेवटी केअरटेकरच लागतो. घरनियमांत रात्री दहानंतर बाहेर संगीत नाही, जादा माणसाला आधी कळवायचं, हे दोन मुद्दे स्पष्ट लिहावेत आणि बुकिंग आल्यावर चॅटमध्ये पुन्हा एकदा ‘वाचलंत ना?’ असं विचारून होकार घ्यावा.

कॅमेऱ्यांचा नियम आता सोपा आहे: ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा नाही, बंद ठेवलेलाही नाही. बाहेरचा चालतो, पण कुठे आहे ते जाहिरातीत आधी सांगायला हवं, आणि उघड्यावरच्या न्हाणीकडे तोंड असलेला चालत नाही. आवाजाची पातळी मोजणारं यंत्र सामाईक जागेत सांगून लावता येतं. पाहुण्याने पलंगाकडे किंवा न्हाणीघराकडे रोखलेली वस्तू पाहावी: स्मोक डिटेक्टर, घड्याळ, रिकामा चार्जर. अंधारात मोबाइलचा टॉर्च फिरवला की भिंगावर बारीक चमक येते. पण कॅमेरा नेटवर्कवर नसेल तर वायफाय तपासणारी ॲप काहीच दाखवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये.

कोणाला घरात घेतात, कोणाला नाही

इथे कंपनीचे नियम आणि आपल्या गावातली रीत यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात, ज्यांची नावं कृष्णवर्णीयांसारखी वाटत त्या पाहुण्यांना होकार मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाली. २०१६ मध्ये कंपनीने भेदभाव न करण्याची शपथ सक्तीची केली आणि २०१८ पासून पाहुण्याचा फोटो यजमानाला होकार दिल्यानंतरच दिसतो. नाव मात्र दिसतंच, आणि आपल्याकडे नाव फोटोपेक्षा जास्त बोलतं. स्वयंपाकघरात मांसाहार शिजवू नका, हा घराचा नियम झाला. तो आधी लिहावा, कोणी हरकत घेणार नाही. नाव पाहून ‘तारखा उपलब्ध नाहीत’ म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे आणि नियमांत बसत नाही.

अविवाहित जोडप्यांचंही तसंच. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलं आहे. कंपनीच्या धोरणातही वैवाहिक स्थितीवरून नकार देता येत नाही. तरी दारात आल्यावर ‘लोकल आयडी चालणार नाही’, म्हणजे त्याच शहराच्या पत्त्याचं ओळखपत्र नको, असं ऐकू येतंच. यावर सोपा उपाय म्हणजे बुकिंगआधीच लिहून विचारणं: ‘आम्ही दोघे पुण्याचेच, वेगळी आडनावं, दोघांकडेही ओळखपत्र. काही अडचण?’ ‘नाही’ असं लेखी उत्तर असलं की दारातल्या केअरटेकरचं बोलणं टिकत नाही.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटबद्दल एक धोक्याची खूण. यजमानाने सांगितलं, ‘वॉचमनने विचारलं तर मालकाचे नातेवाईक आहोत म्हणा’, तर समजावं की सोसायटीला हा उद्योग ठाऊक नाही किंवा मान्य नाही. गेटवर वाद झाला तर सामान घेऊन रस्त्यावर तुम्ही असता. असं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, महाराष्ट्रात पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो यजमान लगेच फोटो पाठवतो, त्याचे बाकीचे कागदही सहसा जागेवर असतात.

ओळखपत्राची प्रत देताना आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून द्यावी, किंवा वाहन परवाना द्यावा, आणि प्रतीवर ‘फक्त मुक्कामासाठी’ लिहून तारीख टाकावी. यजमानाने या प्रती केअरटेकरच्या मोबाइल गॅलरीत साठू देऊ नयेत.

परदेशी पासपोर्टचा पाहुणा असेल, अगदी न्यू जर्सीहून गावच्या जत्रेला आलेला आपलाच माणूस असेल तरी, आल्यापासून २४ तासांत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर त्याच्या मुक्कामाचा फॉर्म (फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा) भरायची जबाबदारी घर देणाऱ्याची आहे. त्यासाठी यजमानाची त्या पोर्टलवर आधी नोंदणी आणि मंजुरी लागते, आणि ती एका दिवसात होईलच असं नाही. म्हणून पहिला परदेशी पाहुणा स्वीकारण्याआधीच ती करून ठेवावी. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, भारतात उतरल्याची तारीख, कुठून आला आणि पुढे कुठे जाणार, ही माहिती बुकिंग झाल्यावर लगेच मागून घ्यावी. रात्री अकराला मुलं पेंगत असताना दारात उभं राहून व्हिसाचं पान शोधायला लावलं, तर तुमचा संवादाचा एक तारा तिथेच कमी होतो.